घरी पेशंटची बाई ठेवताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला येथे बोलावयास उभे केले आहे खरे, पण माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि तेही भोर तालुक्यातल्या एका खेड्यात झालेले. या मंडळात मी आजवर पोळ्या लाटल्या, सतरंज्या घातल्या, भोंडल्याला फेर धरला. भाषण मात्र कधी केले नाही. पण कार्यवाहबाई म्हणाल्या, "तुम्ही सासूबाईंसाठी घरी बाई ठेवली होतीत ना, तेवढेच सांगा. पुस्तकातले काही नको." गेल्या वर्षभरात आपल्याच आळीतल्या चार घरांतून मला जिन्यात गाठून विचारणा झाली आहे, "ओळखीची एखादी बाई आहे का हो?" विचारताना प्रत्येकीचा आवाज खाली येतो, जणू काही घरातली लाजेची गोष्ट आहे. म्हणून मी धीर केला. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आमचे घर आपणां सर्वांना ठाऊक आहेच. कसब्यातल्या दोन खोल्या, वर चढायला अरुंद जिना, लिफ्ट नाही. २०२२ च्या श्रावणात एका सकाळी आई देवपूजेला बसल्या आणि त्यांच्या हातातून पळी गळून पडली. मी म्हटले, "आई, काय झाले?" तर त्यांना उत्तर देता येईना. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. दवाखान्यात बारा दिवस काढले. घरी सोडताना डॉक्टरांनी ह्यांना बाजूला घेऊन सांगितले की जीव वाचला आहे, पण आता ह्यांच्यापाशी बारा तास एक माणूस लागेल आणि रात्रीही कोणी जागे असावे.

माणूस म्हणजे कोण, हा प्रश्नच घरात कोणाला पडला नाही. माणूस म्हणजे मी. मलाही तसेच वाटले. वीस वर्षे मी त्यांच्या हाताखाली होते. त्यांनी मला बोलून घेतले तसे माझी दोन्ही बाळंतपणेही केली. मग त्यांचे करणे परक्या बाईच्या हाती द्यायचे, म्हणजे माझ्या हातून काही होत नाही असे कबूल करण्यासारखे. वन्सं तर फोनवर स्पष्टच म्हणाल्या, "घरात धडधाकट सून असताना पगारी बाई कशाला?"

सहा आठवडे मी एकटीने केले. अंग पुसणे, कपडे बदलणे, भरवणे, कूस बदलणे, रात्री दोनदा उठणे, आणि त्यातच मुलांचे डबे. आई अंगाने भारी होत्या. एके दिवशी त्यांना खुर्चीवर घेताना माझ्या कमरेत अशी कळ गेली की मी त्यांना धरूनच खाली बसले. दोघी जमिनीवर. त्यांना बोलता येत नव्हते, मला उठता येत नव्हते. खालच्या मजल्यावरची माणसे धावून आली म्हणून निभावले. त्या दिवशी आईंनी डाव्या हाताने माझा पदर घट्ट धरून ठेवला होता, सोडतच नव्हत्या. तेव्हा मला कळले की बाई ठेवायची नाही हा जो माझा हट्ट होता त्याचा त्रास मला होत होता तितकाच त्यांनाही होत होता.

येथे थोडे जुने सांगते. माझी मुलगी कॉलेजात जाते, तिने मला हे वाचून दाखवले. आपल्या पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी १९०९ साली सेवासदन काढले. तेथे बायकांना लिहिणे-वाचणे, शिवण वगैरे शिकवीत, तसेच ससून रुग्णालयात शिक्षणाची सोय करून त्यांना नर्स आणि सुईणीचेही काम शिकवीत. त्या काळी आजाऱ्याची शुश्रूषा पैसे घेऊन करणे हे हलके काम समजले जाई, परक्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे काय! आणि ज्या शिकायला आल्या त्यांत विधवा पुष्कळ होत्या, ज्यांना घरात फुकट राबवून घ्यायला कोणाची हरकत नव्हती. एवढे सारे होऊन शंभरावर वर्षे लोटली, तरी आपण अजून आवाज खाली करूनच विचारतो. असो.

आता बाई शोधली कशी ते सांगते.

प्रथम मी दवाखान्यातल्या आयाबाईंना विचारले. वॉर्डात काम करणाऱ्या बायकांना हे काम कोण कोण करते ते ठाऊक असते. त्यांनी एक मावशी पाठवली. पन्नाशीची, हात चांगला, बोलणे थोडे. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "वहिनी, मी उद्यापासून येणार नाही." मला राग आला. मी म्हटले, "का हो, पैसे कमी पडले का?" ती म्हणाली, "पैशाचे नाही. मी पेशंटची बाई आहे, घरकामाची नाही."

तिचे म्हणणे खरे होते. पहिल्या दिवशी मी म्हटले होते, आई झोपल्या आहेत तर एवढी भाजी निवडा. दुसऱ्या दिवशी आईंच्या कपड्यांबरोबर मुलांचे दोन कपडे टाकले. तिसऱ्या दिवशी भांडी. मला वाटे, बारा तासांचे पैसे देतो, मग ती बसून का राहील? बाई बसलेली दिसली की आपल्याला बघवत नाही, खरे की नाही? पण आजाऱ्यापाशी बसणे हेच तिचे काम असते, हे माझ्या ध्यानातच आले नाही. ती भांडी घासायला मोरीत गेली की आई एकट्या. ज्याला हाक मारता येत नाही त्याला एकटे टाकायचे असेल तर मग बाई ठेवली कशाला?

आपल्या शहरातल्या घरकाम करणाऱ्या बायकांनी १९८० साली संप केला होता, हे येथे बसलेल्या वडीलधाऱ्या बायकांना आठवत असेल. पगार वाढवा, सुट्टी द्या, आजारी पडलो तर कामावरून काढू नका, एवढेच त्यांचे मागणे होते. त्यातूनच त्यांची संघटना उभी राहिली. मावशी गेली त्या रात्री भांडी घासताना माझ्या मनात आले, मी तिला सुट्टीचे विचारलेसुद्धा नव्हते.

दुसरी बाई ब्युरोतून आणली. ब्युरो म्हणजे काय ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ब्युरोवाले बायका आणि मामा पुरवतात, बारा तासांसाठी किंवा चोवीस तास राहण्यासाठी. पैसे त्यांच्याकडे भरायचे, त्यातले कमिशन कापून ते बाईला देतात. नावनोंदणीचे निराळे घेतात. बाई आली नाही तर बदली देऊ म्हणतात. पुष्कळ ठिकाणी हे काम नीट चालत असेल. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांचे नाव मी येथे घेत नाही, कारण त्यांच्या चुकीइतकीच माझीही चूक होती.

त्यांनी एक एकोणीस-वीस वर्षांची मुलगी पाठवली. मराठवाड्यातून आलेली, ब्युरोच्या खोलीत आठ-दहा जणींबरोबर राहणारी. वागायला गरीब. आईंशेजारी बसून राही आणि मोबाईल बघे. मी पहिल्या अनुभवाने शहाणी झाले होते, तिला एक काडी उचलायला सांगितली नाही. मला वाटले, आता सगळे रीतसर आहे. मी दुपारी निजू लागले, कमरेला शेक घेऊ लागले. तेराव्या दिवशी आईंचे लुगडे बदलताना मला त्यांच्या माकडहाडापाशी लाल चट्टा दिसला. बोटाने दाबला तरी त्याचा लाल रंग जाईना. दोन दिवसांत तेथली कातडी गेली. ती जखम भरायला सात आठवडे लागले, आणि रोज ड्रेसिंग करताना आई डाव्या हाताची मूठ आवळून धरीत. ओरडता तर येत नव्हते.

मी त्या मुलीवर फार चिडले. काय वाटेल ते बोलले. ती रडू लागली आणि म्हणाली, "काकू, दोन तासांनी कूस बदलायची असते हे मला कोणी सांगितलंच नाही." ब्युरोत येऊन तिला पंधरा दिवस झाले होते. आधी दोन दिवस दुसऱ्या बाईबरोबर बसून पाहिले, तेवढेच तिचे शिक्षण. आणि मी ब्युरोत जाऊन काय विचारले होते? "चांगली, सोज्वळ मुलगी द्या." लकवा झालेल्या पेशंटचे काम तिने केले आहे का, किती घरी केले, त्यांतल्या एखाद्या घराचा फोन द्या, म्हणजे मी विचारते, यातले एक अक्षर मी विचारले नाही. भाजी घेताना आपण वांगे उलटेपालटे करून बघतो. दवाखान्यात सहा दिवस नर्सबाई दर दोन तासांनी कूस बदलताना मी डोळ्यांनी पाहिले होते, मी स्वतः सहा आठवडे ते केले होते, तरी त्या मुलीला मी ते तोंडाने सांगितले नाही. मला वाटले, पैसे दिले म्हणजे तिला येतच असणार.

ह्यावरून एक गोष्ट कळली ती सांगून ठेवते. बाया दोन प्रकारच्या असतात आणि त्यांचे दरही दोन प्रकारचे. शिकलेली नर्स म्हणजे एएनएमचा दोन वर्षांचा किंवा जीएनएमचा तीन वर्षांचा कोर्स केलेली, जिची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते. इंजेक्शन, नाकातली नळी, लघवीची पिशवी बसवणे, सलाईन, ही कामे तिचीच. तिला नोंदणीचा कागद मागितला तर ती दाखवते, त्यात तिचा अपमान नाही. पेशंटची बाई निराळी. ती अंग पुसील, भरवील, फिरवील, वेळेला गोळ्या देईल. बाईच्या पगारात नर्सचे काम मागायचे नाही, आणि ज्याला नुसती सोबत हवी त्याने नर्सचा पगार भरायचा नाही. आम्ही पुढे ड्रेसिंगपुरती अर्ध्या तासाची नर्स लावली आणि दिवसभराला बाई, ते स्वस्तही पडले.

पैशांचे म्हणाल तर, तो विषय काढताना आमच्या घरात फार वाईट झाले. हे एका दुकानात हिशेबनीस, पगार बेताचा. ह्यांनी धाकट्या भावोजींना व वन्संना एका रविवारी बोलावले. भावोजी म्हणाले, मी औषधांचे बघतो. वन्सं गप्प. मग मी म्हटले, "वन्सं, तुम्ही चार दिवस राहा. माझ्या कमरेला डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे." त्या राहिल्या. मुलीने आईचे करायचे म्हणून मोठ्या हौसेने राहिल्या. तिसऱ्या रात्री अडीच वाजता मी त्यांना स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभ्या पाहिल्या, डोळे मिटलेले, हातात डायपर. सकाळी चहा घेताना त्या आपणहून म्हणाल्या, "दर महिन्याला पाच हजार माझे." पुन्हा "धडधाकट सून" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. मी हे वन्संना विचारूनच सांगते आहे, त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

तिसऱ्या बाई आमच्या डॉक्टरांच्या कंपाउंडरने सांगितल्या. दांडेकर पुलाकडच्या. पस्तिशीच्या असतील. येताना नवऱ्याला बरोबर घेऊन आल्या. तो दाराशी उभा राहिला, आत वाकून पाहिले, घरात कोण कोण असते ते विचारले. ह्यांना ते जरा लागले. म्हणाले, "हा काय आपली चौकशी करतो?" मी म्हटले, "का करू नये? आपण त्यांचे आधार कार्ड मागणार, पोलीस चौकीत कळवणार. तिलाही बारा तास परक्या घरात, परक्या पुरुषांच्या वावरात काढायचे आहेत."

मी प्रश्न विचारायच्या तयारीने बसले होते. मुलीने कागदावर लिहून दिले होते. पण त्या बाईंनीच मला आधी विचारले. आजींचे वजन किती? संडास घरात आहे का, आणि बसायचा कसा, भारतीय का कमोड? उचलताना दुसरे माणूस कोण असेल? गिळताना ठसका लागतो का? जेवण माझे मी आणू की तुम्ही द्याल, आणि मी बसून कुठे खाऊ? महिन्याला सुट्ट्या किती? मी एकेक उत्तर देत गेले आणि मनात म्हटले, हीच. जिने हे काम केले आहे तिलाच हे प्रश्न सुचतात. "सगळं करते हो वहिनी, काळजी करू नका" म्हणणारीची मला आता धास्ती वाटते.

मग त्या उठून आईंपाशी गेल्या. आजवर आलेल्या दोघी माझ्याशीच बोलल्या होत्या, आईंविषयी, आईंच्या डोक्यावरून. ह्या बाई पलंगाच्या डाव्या बाजूला खाली बसल्या, म्हणजे आईंना आपल्या चांगल्या हाताने धरता यावे अशा, आणि म्हणाल्या, "आजी, मी उद्यापासून येऊ का?" आईंनी त्यांच्याकडे बराच वेळ पाहिले. मग त्यांच्या हातातली काचेची बांगडी बोटाने फिरवून पाहिली. तीच परवानगी समजलो.

या वेळी मी सगळे कागदावर उतरवले. ह्यांच्या दुकानातल्या वहीचे पान. सकाळी आठ ते रात्री आठ. महिन्याला १७,००० रुपये, ते पाच तारखेच्या आत, हातात, ब्युरो मध्ये नाही. महिन्यात चार सुट्ट्या, शक्यतो रविवारी, आणि सणाची सुट्टी आधी बोलून. दिवाळीला एक पगार. काम कोणते: आईंचे अंग, आईंचे कपडे, आईंचे ताट-वाटी, आईंची खोली. काम कोणते नाही: बाकी घरातले. दुपारचे जेवण आमच्यातलेच, आणि आमच्याबरोबर. दुपारी आई झोपल्या की एक तास त्यांनी पाठ टेकायची, तेव्हा आईंपाशी मी. दोघींनी खाली सह्या केल्या. बाईंना सही येत होती पण त्या म्हणाल्या, "अशी कागदावर मला पहिल्यांदाच कोणी सही मागितली." एक प्रत त्यांनी आपल्या पिशवीत घडी करून ठेवली.

आईंच्या पाटल्या आणि गळ्यातले पहिली बाई येण्याआधीच आम्ही बँकेत ठेवले होते. ह्यात कोणावर संशय नाही. उद्या एखादी वस्तू आपल्याच हातून कोठे पडली तर निष्कारण गरिबाकडे बोट जायला नको.

त्या बाईंकडून मी जे शिकले त्यातले थोडे सांगते, कारण आपल्यापैकी कोणावर कधी वेळ येईल सांगता येत नाही. लकवा झालेला हात धरून माणसाला कधी ओढायचे नाही, खांदा निखळतो. पलंगावरून खुर्चीत घेताना खुर्ची चांगल्या बाजूला ठेवायची. भरवताना ताठ बसवायचे, हनुवटी जरा खाली, आणि जेवणानंतर अर्धा तास तरी आडवे करायचे नाही, नाहीतर अन्न श्वासात जाते. पाण्याचा ठसका लागतो त्याला दाटसर पेज जाते. आमच्या डॉक्टरांनीही हेच सांगितले. दर दोन तासांनी कूस, आणि प्रत्येक वेळी टाचा, खुबे, माकडहाड डोळ्यांनी बघायचे. भिंतीवर कॅलेंडर टांगून त्याच्या पाठीमागे त्या वेळ लिहीत, म्हणजे रात्री मला कळे की शेवटची कूस कोणती. आणि आईंच्या उशाशी त्यांनी एक पितळी वाटी आणि चमचा ठेवला. एकदा वाजवले तर पाणी, दोनदा तर कूस, आणि जोरजोरात वाजवले तर आजी रागावल्या. तीन महिने मी त्यांच्या मनातले ओळखायला धडपडत होते, वाटीचे मला सुचले नव्हते. पुढे आई ती वाटी वन्संचा फोन आला की वाजवीत. ते कशासाठी, ते आम्हांला कळले नाही.

सगळे गोडच होते असेही नाही. पावसाळ्यात त्यांना उशीर होई, बस मिळत नसे, आणि मी दारातच घड्याळाकडे बघे. एकदा त्या चार दिवस आल्याच नाहीत. घरी त्यांच्या स्वतःच्या सासूबाई पडल्या होत्या. त्यांना कोण बघते, असे मी विचारले तर म्हणाल्या, "माझी मुलगी. सातवीत आहे." मला काय बोलावे सुचले नाही. मी सातवीतच शाळा सोडली होती. त्या चार दिवसांचा पगार कापायचा की नाही यावर ह्यांचे आणि माझे वाजले. शेवटी दोन दिवसांचा कापला नाही आणि दोन दिवस सुट्टीत धरले. ते बरोबर झाले की नाही, अजून माझे मन मला सांगत नाही.

त्यानंतर मी त्यांच्यासाठी घरेलू कामगार कल्याण मंडळाच्या नोंदणीची खटपट केली. त्याचा कायदा आपल्या राज्यात २००८ साली झाला. अठरा ते साठ वर्षांच्या बायकांची नोंद कामगार खात्याच्या कार्यालयात होते, आणि त्याला ज्या घरी काम करते त्या घरचा दाखला लागतो. दाखला द्यायला घरे बिचकतात, उद्या काही गळ्यात पडेल म्हणून. आपल्याकडे कोणी मागितला तर द्यावा. एका सहीने आपले काही जात नाही. आणि ज्या घरी म्हातारे माणूस आहे आणि विचारायला कोणी नाही, त्यांनी १४५६७ हा नंबर लिहून ठेवावा. वृद्धांसाठीची ती सरकारी मदतीची लाईन आहे, फोनला पैसे पडत नाहीत.

आई २०२५ च्या माघात गेल्या. पहाटे, झोपेतच. आठ वाजता बाई नेहमीप्रमाणे जिना चढून आल्या आणि दारातली चपलांची गर्दी बघून तेथेच थांबल्या. मग आत येऊन त्यांनी आईंचे अंग शेवटचे पुसले. वन्सं म्हणाल्या, घरच्या बायका करतील, पण मी म्हटले, त्यांनाच करू द्या. दोन वर्षे तीन महिने त्यांनी ते केले होते, कोठे दुखते हे त्यांना ठाऊक होते, आणि गेलेल्या माणसालाही त्या तितक्याच हळू हात लावीत होत्या.

संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या मला म्हणाल्या, "वहिनी, मग मी उद्या येऊ नको ना?" भगिनींनो, मला एकदम चपराक बसल्यासारखे झाले. आमच्याकडे सुतक होते, लोक भेटायला येत होते, वन्सं आणि मी गळ्यात पडून रडत होतो. आणि त्या बाईची त्याच दिवशी नोकरी गेली होती. महिना अर्धा उरला होता, मुलीच्या शाळेची फी भरायची होती. इतके सगळे मी कागदावर लिहिले होते, सुट्टी लिहिली, दिवाळी लिहिली, ताट-वाटी लिहिली. पेशंट गेला तर बाईचे काय, हे लिहिले नव्हते. लिहायला मन धजले नसेल. ते अशुभ वाटले असेल. पण तिच्या दृष्टीने त्या कागदातली तीच ओळ सर्वांत मोठी होती.

आम्ही त्यांना तो पुरा महिना आणि वर एक महिन्याचा पगार दिला. भावोजींनी काही न बोलता आपला वाटा दिला. तेराव्याला त्या मुलीला घेऊन जेवायला आल्या. पितळी वाटी आणि चमचा मी त्यांना देऊ केला तर म्हणाल्या, "नको वहिनी, तुम्ही ठेवा. मी पुढच्या घरी त्यांच्याच घरातली वाटी मागेन."

त्या पुढच्या घरासाठी मी आपल्याच आळीत शब्द टाकला, आणि महिना भरायच्या आत त्या मागच्या बोळात एका आजोबांकडे लागल्या. त्या घरच्या सूनबाईंनी माझ्याकडचा कागद नेला. त्यात आता एक ओळ वाढवली आहे: काम अचानक थांबले तर एक महिन्याचा पगार. मुलीने तो कागद टाईप करून दिला असून त्याच्या पन्नास प्रती कार्यवाहबाईंकडे ठेवल्या आहेत. नावे, वेळ आणि रक्कम ह्यांच्या जागा कोऱ्या सोडल्या आहेत. ज्यांना हव्या असतील त्यांनी चहाच्या वेळी मागून घ्याव्या.